नदीची चिन्हे : काँगो नदीवरील सुरक्षित नौकानयनाच्या पुनःस्थापनेचा प्रश्न

१

नदी हा निसर्गाने आयता दिलेला मार्ग होय, असे आपण सहज म्हणून जातो. रस्ता बांधावा लागतो, लोहमार्ग घालावा लागतो. नदी मात्र वाहतच असते, तिच्यावर नौका लोटली की प्रवास सुरू झाला, अशी आपली समजूत असते. लहान ओढ्याच्या किंवा खाडीच्या बाबतीत ती काहीशी खरीही असेल. परंतु ज्या नदीवर शेकडो माणसे व शेकडो टन माल घेऊन हजारो किलोमीटरांचा प्रवास करावयाचा असतो, त्या नदीच्या बाबतीत ही समजूत घातक ठरते. अशी नदी मार्ग होते ती तिच्यावर, तिच्या तीरांवर आणि तिच्या नकाशांवर माणसाने उमटविलेल्या चिन्हांमुळे. चिन्हे पुसली गेली की पाणी तेवढेच असूनही मार्ग नाहीसा होतो.

हे विधान आफ्रिकेतील काँगो नदीच्या उदाहरणाने स्पष्ट करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असून नौकानयनशास्त्रात त्याला अधिकार नाही. लिंगाला या भाषेच्या इतिहासाचा मागोवा घेत असताना तो या नदीपाशी येऊन पोहोचला. ही भाषा व ही जलवाहतूक यांचा इतिहास परस्परांत इतका गुंतलेला आहे की एकीचा विचार दुसरीस वगळून करता येत नाही.

२

प्रथम भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. काँगो नदीची लांबी सुमारे ४,७०० किलोमीटर असून तिचे खोरे सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटरांचे आहे. दर सेकंदास सरासरी ४० हजार घनमीटरांहून अधिक पाणी ती समुद्रात लोटते. या बाबतीत जगात केवळ ॲमेझॉन तिच्यापुढे आहे. ती विषुववृत्त दोनदा ओलांडते. खोऱ्याचा काही भाग उत्तर गोलार्धात व काही दक्षिण गोलार्धात असल्यामुळे एकीकडे कोरडा ऋतू असताना दुसरीकडे पाऊस पडत असतो. म्हणून आपल्या नद्यांप्रमाणे ती उन्हाळ्यात आटत नाही. बारमाही जलवाहतुकीस याहून अनुकूल नदी शोधून सापडणार नाही.

मात्र समुद्रातून थेट या नदीत शिरता येत नाही. मतादी बंदराच्या वर किन्शासापर्यंत धबधब्यांची व द्रुतप्रवाहांची मालिका आहे. हा अडथळा टाळण्यासाठी १८९० ते १८९८ या काळात मतादी ते किन्शासा (त्या वेळचे लिओपोल्डव्हिल) असा लोहमार्ग बांधण्यात आला. किन्शासापासून मात्र वर किसांगानीपर्यंत १,७३४ किलोमीटर सलग नौकामार्ग मिळतो. त्यापुढे पुन्हा बोयोमा धबधबे आहेत. उबांगी, कसाई, सांघा इत्यादी उपनद्या जमेस धरल्या तर नौकानयनास योग्य अशा जलमार्गांची एकूण लांबी सुमारे १५ हजार किलोमीटर भरते. कसाईवरील इलेबो येथे कटांगाच्या खाणप्रदेशाकडून येणारा लोहमार्ग १९२८ मध्ये येऊन पोहोचला. तेव्हापासून खाणीतील तांबे आगगाडीने इलेबोला, तेथून नदीने किन्शासाला आणि पुन्हा आगगाडीने मतादीला, असा प्रवास करू लागले.

काँगोच्या लोकसत्ताक प्रजासत्ताकात पक्के रस्ते अत्यल्प आहेत. विषुववृत्तीय अरण्यातील अनेक गावांना जगाशी जोडणारा नदी हाच एक मार्ग आहे. मका, कसावा, सुकवलेले मासे, साबण, मीठ, औषधे, शाळेची पुस्तके आणि माणसे हे सारे याच मार्गाने जाते. तेव्हा या नदीवरील नौकानयन सुरक्षित असणे किंवा नसणे हा तेथील कोट्यवधी लोकांच्या अन्नाचा व जिवाचा प्रश्न आहे.

३

एवढे विपुल पाणी असताना अडचण ती कोणती, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. अडचण खोलीची आहे, आणि त्याहूनही अधिक, ती खोली कोठे आहे हे जाणण्याची आहे.

मध्य काँगोचे पात्र कित्येक ठिकाणी दहा किलोमीटरांहून रुंद आहे. पण पात्र जितके रुंद तितके पाणी पसरट. या पात्रात असंख्य बेटे असून त्यांच्यामधून अनेक प्रवाह फुटतात व पुन्हा मिळतात. तळ वाळूचा आहे. वाळू पाण्याबरोबर सतत सरकत असते, त्यामुळे गेल्या वर्षी ज्या प्रवाहातून नौका गेली त्याच प्रवाहात या वर्षी वाळूचा दांडा आडवा येतो. मोठा पूर येऊन गेला की पात्राची रचना बदलते. जानेवारी २०२४ मध्ये किन्शासा येथे १९६१ नंतरची सर्वांत उंच पूरपातळी गाठली गेली, त्या वेळी नकाशावरील किती प्रवाह जागचे हलले असतील याची कल्पना करता येते. यांत भर पडते ती पाण्याखाली रुतून बसलेल्या झाडांच्या ओंडक्यांची आणि १९५० नंतरच्या दशकात या खोऱ्यात पसरलेल्या जलपर्णीची.

या सर्व पाण्यातून पुरेशा खोलीचा जो सलग चिंचोळा पट्टा जातो, त्याला नौमार्ग म्हणावे. हा पट्टा एका तीराला धरून काही अंतर जातो, मग बेटांमधून तिरपा दुसऱ्या तीराकडे वळतो. वरून पाहणाऱ्यास त्याचा काहीच पत्ता लागत नाही. डोळ्याला सर्वत्र सारखेच तपकिरी पाणी दिसते. त्यातील कोणते पाणी मार्ग आणि कोणते पाणी सापळा, हे पाणी स्वतः सांगत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते.

४

ते सांगण्याची साधने मुख्यतः तीन आहेत : तीरावरील फलक, पाण्यावर तरंगणारे बोये, आणि जलनकाशा. तीरावरील फलक नाविकाला सांगतो की येथून पुढे याच काठाने चाल, किंवा येथे काठ सोडून समोरच्या खुणेच्या दिशेने नदी ओलांड. बोया नौमार्गाची कड दाखवितो. जलनकाशा या सर्व खुणांची संगती लावतो आणि कोणत्या पाणीपातळीस कोठे किती खोली मिळेल हे नोंदवितो. त्यासाठी काठावर पाणीपातळी मोजण्याच्या पट्ट्या असाव्या लागतात. किन्शासा येथील अशा नोंदी विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच्या आहेत.

येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित अशी एक गोष्ट आढळते. सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत चिन्हाच्या यादृच्छिकतेचा जो सिद्धांत मांडला आहे, त्याचे बोया हे उत्तम उदाहरण होय. लाल रंगात 'डावीकडे' असे काहीही स्वभावतः नाही. १९८० मध्ये टोकियो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोयांची पद्धती निश्चित झाली, तेव्हा जगाचे दोन विभाग करावे लागले. पहिल्या विभागात समुद्रातून आत येणाऱ्या नौकेच्या डाव्या हाताला लाल बोया असतो. दुसऱ्या विभागात, म्हणजे प्रामुख्याने अमेरिकाखंडात व जपानकडे, तोच लाल बोया उजव्या हाताला असतो. दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या आहेत. मात्र एकाच पाण्यावर दोन्ही चालल्या तर अपघात ठरलेला.

'डावा' व 'उजवा' हे शब्दही असेच संकेताधीन आहेत. नदीचा डावा तीर म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभ्या राहणाऱ्याचा डावा. किन्शासा डाव्या तीरावर आहे आणि समोरचे ब्राझाव्हिल उजव्या तीरावर. पण किन्शासाहून वर जाणाऱ्या नाविकाला ब्राझाव्हिलचा तीर डाव्या हाताला दिसतो. हा संकेत ज्याला ठाऊक नाही त्याला खूण दिसूनही अर्थ उलटा लागेल. चिन्ह दिसणे आणि चिन्ह वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा आपल्या शास्त्रातील प्राथमिक धडा येथे जीवनमरणाचा होतो.

आणखी एक भेद सांगणे आवश्यक आहे. भाषेतील शब्द कालबाह्य झाला तर फार तर तो कोशात पडून राहतो. कालबाह्य झालेला बोया मात्र पाण्यावर उभा राहून खोटे सांगत असतो. नौमार्ग शंभर मीटर सरकला आणि बोया जुन्याच जागी राहिला, तर खूण मुळीच नसती त्याहून ती स्थिती अधिक वाईट. कारण खूण नसेल तेथे नाविक सावध तरी असतो.

५

ही चिन्हव्यवस्था काँगोवर कशी आली व कशी मोडली, हे आता पाहू.

युरोपीय आगबोटी येण्यापूर्वी मध्य काँगोवर बोबांगी लोकांचा व्यापार चालत असे. होड्यांतून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या या व्यापाऱ्यांना नदीचे ज्ञान होते; ते लिहिलेले नव्हते, तर बेटांच्या व काठांच्या नावांत, पाण्याच्या रंगात व लाटांच्या आकारात साठविलेले होते. १८८१ मध्ये स्टॅन्लीने पहिली आगबोट आजच्या मालेबो तलावात सोडली. पुढे अशा बोटींचे सुटे भाग मतादीकडून हमालांच्या डोक्यावरून वर आणून किन्शासास जोडले जात. १८९० मध्ये जोसेफ कॉनरॅड हा पुढे कादंबरीकार म्हणून विख्यात झालेला नाविक अशाच एका बोटीवरून किसांगानीच्या दिशेने गेला. या प्रवासातील त्याची एक वही उपलब्ध आहे. तिच्यात साहित्य नाही. कोणत्या बेटाला कोणत्या बाजूने वळसा घालावा, वाळूचे दांडे व ओंडके कोठे आहेत, कोणत्या झाडाच्या रोखाने नौका हाकावी, अशी टिपणे आहेत. मुखोद्गत ज्ञान लेखी चिन्हांत उतरत असल्याचा तो एक साक्षात पुरावा होय.

पुढील अर्धशतकात वसाहती शासनाने मापन, फलक, बोये व जलनकाशे यांची नियमित व्यवस्था उभारली. ती हस्तिदंत, रबर, ताडतेल व तांबे बाहेर नेण्यासाठी उभारली, तेथील जनतेच्या सोयीसाठी नव्हे. तिच्यामागे सक्तीच्या श्रमाचा व क्रौर्याचा इतिहास आहे, हे विसरता कामा नये. याच बोटींबरोबर एक भाषाही नदीवर पसरली. बोबांगीच्या आधारे बनलेली एक व्यापारी बोली शिपाई, खलाशी, लाकूडतोडे व स्वयंपाकी यांच्या तोंडी ठाणोठाणी गेली. आज माकान्झा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांगाला ठाण्याच्या परिसरात तिला 'बांगाला' असे नाव मिळाले आणि १९०१ नंतर मिशनऱ्यांनी तिला व्याकरणाचे संस्कार देऊन 'लिंगाला' म्हणण्यास आरंभ केला. नदीला 'एबाले', वाटेला 'न्झेला' आणि मोठ्या बोटीला 'मासुवा' म्हणणारी ही भाषा आज देशाच्या चार राष्ट्रीय भाषांपैकी एक आहे. फ्रेंच ही राजभाषा असली तरी नदीवर कामकाज लिंगालात चालते.

३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा वरिष्ठ तांत्रिक पदांवर स्थानिक माणसे जवळजवळ नव्हती. लेखी चिन्हव्यवस्था ज्यांच्या हाती होती ते निघून गेले. पुढे जलमार्गांसाठी स्वतंत्र सरकारी खाते स्थापन झाले, काही काळ कामही चालले. परंतु आर्थिक अवनतीच्या दशकांत मापननौका, इंधन व सुटे भाग मिळेनासे झाले. १९९८ ते २००३ या काळातील युद्धात तर नदीच दुभंगली. खालचा भाग शासनाच्या व वरचा भाग बंडखोरांच्या ताब्यात गेला; किन्शासा व किसांगानी यांच्यामधील नियमित वाहतूक खुंटली. चिन्हांची देखभाल करणारे कोणी उरले नाही.

६

व्यवस्था मोडली तरी गरज थांबत नाही. सरकारी मोठ्या बोटी बंद पडत गेल्या, तशा त्यांच्या जागी गावोगाव बांधलेल्या लाकडी मोटारनौका आल्या. त्यांना 'बालेन्येर' म्हणतात. हा फ्रेंच शब्द मूळचा व्हेल माशाच्या शिकारीस जाणाऱ्या होडीचा वाचक. शब्दाने समुद्र सोडून नदी धरली, आणि बळकट शिकारी होडीचे नाव एका नाजूक प्रवासी नौकेला मिळाले. त्या पाण्यात फार खोल जात नाहीत, म्हणून बोयांवाचूनही त्यांचे कसेबसे चालते. परंतु माल खाली, माणसे वर, त्यावर आणखी माल, अशी त्यांची भरणी असते. आणि रात्री चालण्यास मनाई असूनही त्या रात्री चालतात.

याचे परिणाम सांगताना लेखणी अडखळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये माई-न्दोम्बे प्रांतात सुमारे ७०० माणसांनी भरलेली नौका रात्री बुडाली. ६० मृतदेह हाती लागले व शेकडो माणसे बेपत्ता झाली. एप्रिल २०२५ मध्ये म्बांदाकाजवळ एका लाकडी नौकेवर स्वयंपाक चालू असताना आग लागून शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी सप्टेंबरात एकाच प्रांतात लागोपाठ झालेल्या दोन दुर्घटनांत दीडशेहून अधिक माणसे गेली.

या सर्व वृत्तांतांत एक गोष्ट समान आढळते : मृतांचा आकडा कधीच निश्चित नसतो. प्रवाशांची यादी केलेलीच नसल्यामुळे कोण चढले होते हेच ठाऊक नसते, मग कोण उतरले नाही हे कसे कळावे ? नौकेवर चढणाऱ्याचे नाव लिहून घेणे हेही एक चिन्हच आहे. ते न लिहिल्यामुळे मनुष्य नदीत बुडतो आणि नोंदीतूनही बुडतो.

७

तर मग सुरक्षित नौकानयनाची पुनःस्थापना म्हणजे नेमके काय करावयाचे ? प्रचंड यंत्रांनी नदीचा गाळ उपसणे असे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. या नदीत ते गौण आहे. वाळू इतकी चळ आहे की सर्वत्र उपसणे अशक्य, आणि काही अडचणीच्या जागा सोडल्यास अनावश्यकही. पुरेशी खोली बहुधा कोठेतरी असतेच. ती शोधून दाखविणे हेच मुख्य कार्य होय.

त्याचा क्रम असा लागतो. प्रथम मापन : ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाची खोली व उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित करून नवे जलनकाशे तयार करणे. युरोपीय संघाच्या साहाय्याने गेल्या दशकात हाती घेतलेल्या नौकानयन-साहाय्य प्रकल्पात हे काम अंतर्भूत होते. किन्शासा विद्यापीठातील व ब्रिटनमधील संशोधकांनीही मिळून मध्य काँगोच्या पात्राचा अभ्यास केला आहे. दुसरे, फलक व बोये बसविणे. तिसरे, आणि सर्वांत कठीण, दरवर्षी पूर ओसरल्यावर मापननौका पुन्हा जाऊन प्रत्येक खूण तपासणे व सरकविणे. चौथे, नौकांची तपासणी, भरणीची मर्यादारेषा, तरंगजाकिटे आणि प्रवाशांच्या याद्या. पाचवे, नाविकांचे शिक्षण.

यांपैकी पहिली दोन कामे परदेशी साहाय्याने एकदा होऊ शकतात. उरलेली तीन दररोज व देशातच व्हावी लागतात. अशा प्रकल्पांचे मर्म व त्यांच्या अपयशाचे कारण दोन्ही येथे सापडतात. उद्घाटन बोयाचे होते. त्याच्या देखभालीचे होत नसते. पाच वर्षांचा प्रकल्प संपून मापननौकेचे इंधन संपले की चिन्हे पुन्हा खोटी होऊ लागतात. लोखंडाच्या बोयाला बाजारात मोल आहे; ज्या कोळ्याला त्यापासून काही लाभ दिसत नाही, त्याने त्याचे रक्षण का करावे, हाही प्रश्न उरतोच.

शिवाय नदी एका देशाची नाही. उबांगीच्या संगमापासून खाली बराच अंतर ती दोन काँगो राष्ट्रांमधील सीमा आहे, आणि नौमार्ग सीमारेषा पाहून वळत नाही. यासाठी १९९९ मध्ये कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक व दोन्ही काँगो या चार राष्ट्रांनी करार करून किन्शासा येथे एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन केला. पुढे गॅबन व अंगोला ही राष्ट्रेही त्यात आली. समान नौकानयन-नियम व समान खुणा ठरविणे हे त्याचे एक कार्य आहे. एकाच नदीवर एकच लिपी असावी, एवढाच याचा साध्या भाषेतील अर्थ.

आता भाषेचा मुद्दा. नियम, जलनकाशे व परीक्षा फ्रेंचमध्ये असतात. बालेन्येर हाकणारा माणूस बहुधा वडीलधाऱ्यांच्या हाताखाली लिंगालात नदी शिकलेला असतो. त्याच्यापाशी बोबांगी व्यापाऱ्यांपासून चालत आलेल्या निरीक्षणाचा वारसा आहे. खात्यापाशी ध्वनिमापनाचे आकडे आहेत. हे दोन ज्ञानप्रकार एकमेकांशी बोलत नाहीत. जलनकाशावरील बेटाचे नाव आणि नाविकाच्या तोंडचे त्याच बेटाचे नाव वेगळे असेल, तर संकटात सापडलेली नौका आपले स्थानसुद्धा कळवू शकणार नाही. स्थलनामांचा संग्रह, खुणांच्या अर्थाची लिंगाला पुस्तिका, अक्षरशत्रू नाविकासाठी चित्रमय व मौखिक शिक्षण ही कामे अल्पखर्ची आहेत आणि ती भाषाशास्त्रज्ञाच्या आवाक्यातील आहेत. मापनाच्या तुलनेत ती किरकोळ वाटतात. परंतु न वाचता येणाऱ्या चिन्हावर केलेला खर्च वाया गेलेला असतो.

८

यावर असा आक्षेप येऊ शकेल की दारिद्र्य हेच मूळ कारण असता चिन्हांची चर्चा करणे वरवरचे आहे. गरीब प्रवासी स्वस्त नौकेतच बसणार, आणि भाडे स्वस्त ठेवावयाचे तर नौकामालक ती ओसंडेपर्यंत भरणारच. आक्षेपात तथ्य आहे. तथापि नौमार्ग निश्चित व खुणांकित झाला तर अधिक मोठ्या व स्थिर नौका पुन्हा चालू शकतात, वाळूत रुतून दिवस वाया जाण्याचे टळते, आणि भाडे उतरते. म्हणजे दारिद्र्यामुळे चिन्हे मोडतात हे जितके खरे, तितकेच मोडलेल्या चिन्हांमुळे दारिद्र्य टिकते हेही खरे. हे वर्तुळ कोठेतरी तोडावे लागते, आणि चिन्हांच्या बाजूने ते तोडणे त्यातल्या त्यात सुकर आहे.

भाषा जिवंत राहते ती कोशामुळे नव्हे, तर रोज बोलणाऱ्यांमुळे, हे आपण वर्गात सांगत असतो. नदीच्या खुणांनाही हाच नियम लागू पडतो. कोणीतरी त्या दरवर्षी खऱ्या करून ठेवाव्या लागतात, आणि कोणीतरी त्यांवर विश्वास ठेवून अंधाऱ्या पाण्यातून नौका न्यावी लागते. किन्शासाच्या धक्क्यावर पोराबाळांसह नौकेत चढणारी बाई बोयाचा रंग पाहत नाही. तो कोणीतरी पाहिला असेल, असे ती गृहीत धरते. तिचे हे गृहीत खरे ठरविणे, यालाच सुरक्षित नौकानयनाची पुनःस्थापना म्हणावयाचे.